तारा नाकेदार

अनुसया गजभिये यांना बालाघाटात सगळे नाकेदार बाई म्हणत. सरकारी कागदावर हुद्दा वनरक्षकाचा होता, पण इकडे वनरक्षक कुणी म्हणत नाही. नवरा जंगलखात्यातच होता. तो मलेरियाने गेला आणि त्याच्या जागी त्यांना नोकरी लागली. मुलगी आम्रपाली तेव्हा अंगणवाडीत जायची. सुरुवातीची सगळी वर्षं मायलेकींनी बिरशाच्या जंगलातल्या एका क्वार्टरमध्ये काढली.

तिथे एकदा सकाळी सकाळी चोरट्या सागवानाची बंडी चालली होती. अनुसयाबाई एकट्याच वाटेत आडव्या उभ्या राहिल्या. बंडीवाल्यांपैकी एकाने कुऱ्हाडीचा दांडा त्यांच्या कपाळावर हाणला. रक्त डोळ्यात ओघळलं, तरी त्यांनी बैलाची वेसण सोडली नाही. गावातली माणसं धावत येईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. त्यांना क्वार्टरवर आणलं तेव्हा आम्रपाली दारात मंजन करत होती. आईचा रक्ताने माखलेला चेहरा पाहून ती जागच्या जागी थिजली. आई म्हणाली, "काही नाही झालं. कुल्ला कर आंधी."

जखम भरली, पण डावी भुवई मधोमध दुभंगलेली राहिली ती कायमचीच.

पुढे शिक्षणासाठी दोघी बालाघाटला आल्या. शाळा सुटल्यावर आम्रपाली बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत जायची. तिथे मारामारीचा एक खेळ होता. त्यात एक सोडून सगळे लढवय्ये पुरुष होते. जी एक बाई होती तिच्या अंगावर दोन चिंध्या, आणि हातात तिच्या उंचीची तलवार. कॅफेतली पोरं तिला लढण्यासाठी घेतच नसत. ती हरली की कशी पडते हे बघण्यासाठी घेत, आणि मुद्दाम हरत. आम्रपाली एका ढेरपोट्या पहिलवानाच्या नावाने खेळायची. तिला खेळ आवडत होता, पण त्यात स्वतःसाठी जागा कुठे दिसत नव्हती.

नागपूरला जाऊन तिने थ्रीडीचा कोर्स केला. मातीची मूर्ती घडवावी तसं कॉम्प्युटरवर माणूस घडवायचं काम तिला सहज जमलं. त्याच काळात तिने पुण्याच्या एका गेम कंपनीतल्या रचना मॅडमचं आठ मार्चचं भाषण ऐकलं. "खेळातली बाई बदलायची असेल तर खेळ जिथे बनतो त्या खोलीत बाया हव्यात," असं त्या म्हणाल्या होत्या. आम्रपालीने आपलं काम त्यांना पाठवलं. रचना मॅडमनी स्वतः फोन केला आणि नोकरी दिली. बालाघाटच्या घरातूनच काम करायची मुभाही दिली.

कंपनी 'लास्ट बीट' नावाचा खेळ बनवत होती. बीट म्हणजे एका नाकेदाराच्या वाट्याचं जंगल. जंगल, शिकारी टोळ्या आणि त्यांच्यामागे लागलेले दोन वनरक्षक, विक्रांत आणि तारा. आम्रपालीकडे तारा आली.

तिला दुसरा चेहरा सुचलाच नाही. समोर आई तांदूळ निवडत बसलेली असायची, बूट पुसत असायची, बीटवरून येऊन भिंतीला टेकलेली असायची, आणि आम्रपाली तिच्याकडे बघत बघत तारा घडवत गेली. रुंद गाल, बसकं नाक, उन्हाने रापलेली कातडी, डोळ्यांच्या कडेच्या रेषा, दुभंगलेली भुवई. जाड कंबर, त्यावर पट्टा, आणि चिखलात पाय रोवून उभं राहायची तऱ्हा. आईला तिने काही सांगितलं नाही. खेळ बाजारात आला की एकदम दाखवायचं, असं तिच्या मनात होतं.

पहिली तारा पाहून रचना मॅडमनी लगेच फोन केला. म्हणाल्या, "अगं, ही खरी बाई आहे."

"हौ मॅम," आम्रपाली म्हणाली. तिला रडू येईल असं वाटलं.

त्यानंतर सुधारणा यायला लागल्या. एकदम नाही, एकेक करून. आधी, वय थोडं कमी करा, मोबाईलच्या छोट्या पडद्यावर सुरकुत्या म्हणजे घाण दिसते. तिने रेषा पुसल्या. मग, खाकी शर्ट ढगळ आहे, हालचाल दिसत नाही. तिने शर्ट अंगाबरोबर केला. मग कंबर. मग छाती, "विक्रांतच्या शेजारी बॅलन्स वाटायला हवा" म्हणून. प्रत्येक वेळी बदल इतका लहान असायचा, की त्यावर भांडणं तिला पोरकट वाटायचं. चेहरा वाचतोय ना, असं ती स्वतःला सांगायची. भुवईला मात्र कुणी हात लावला नाही. वरच्या मंडळींना ती खूण फार आवडली होती. तिच्यामुळे तारा जरा जंगली वाटते, असं त्यांचं मत पडलं.

शेवटी निरोप आला, की शर्टाची खालची बटणं काढून गाठ मारा, आणि लढाईत शर्ट हळूहळू फाटत जाईल अशी सोय करा. तेव्हा आम्रपालीने नाही म्हटलं.

"मॅम, जंगलात काटे असतेत. असे कपडे घालून कोणती नाकेदार बीटवर जाईल? विक्रांतचा तर गळ्यापर्यंत बंद आहे शर्ट."

"मला समजत नाही का?" रचना मॅडमचा आवाज थकलेला होता. "मी या धंद्यात आले तेव्हा तुझ्यासारखीच भांडायचे. पहिल्या खेळात भांडले, दुसऱ्यात भांडले. टेस्टिंगला बसलेल्या मुलांनी तारा निवडलीच नाही, आम्रपाली. ती निवडली गेली नाही तर पुढच्या खेळात बाईच नसेल. असली तारा हवी, की कुठलीच नको?"

"मुलीपण खेळतेत मॅम. मी खेळत होती."

"त्या कुठल्या नावाने खेळतात? पुरुषाच्याच ना? मग मोजणार कोण त्यांना?"

आम्रपालीने तो शर्ट फाडून दिला नाही. ते काम तिच्याकडून काढून दुसऱ्या कुणाला दिलं गेलं. तारा कशी मरते, हेही त्यानेच ठरवलं.

खेळ आला आणि चालला. पोरांच्या मोबाईलवर, पानठेल्यांवर, बसमध्ये, सगळीकडे 'लास्ट बीट'चे आवाज ऐकू यायला लागले. आम्रपालीने तो एकदाच उघडला. तारा गोळी लागून पडली. पाठीची कमान करून, तोंड उघडं टाकून, कण्हत. कॅमेरा तिच्याभोवती सावकाश फिरला. विक्रांत मरायचा तेव्हा कॅमेरा वर आभाळाकडे जायचा. तिने खेळ बंद केला. आईला दाखवायचा विषय तिने मनातूनच काढून टाकला.

आईबरोबर रजत नावाचा एक नवा नाकेदार काम करायचा. रामपायलीचा पोरगा. जंगल वाचायला त्याला अनुसयाबाईंनीच शिकवलं होतं. एक दिवस तो काही कागद द्यायला घरी आला. आई बाजारात गेली होती. तो जाता जाता घुटमळला.

"दीदी, बुरा नका मानू. तुम्ही थो गेम पाह्यला का, लास्ट बीट? त्याच्यातली तारा डिट्टो मॅडमसारखी दिसते. भुवईवरचा निशाण बी तोच."

आम्रपालीने हातातले कागद खाली ठेवले. "मग?"

"मग काय, पोट्टे हरामी हायेत. कोणीतरी तारा मरते तेवढाच व्हिडिओ कापला आन् खाली 'बालाघाट की नाकेदारीन' लिवून टाकलं. आमच्या भरतीच्या ग्रुपमध्ये बी आला. मी डिलिट करा म्हणलं, त माह्यावरच हासले." तो खाली बघत म्हणाला, "मॅडमले मालूम नको व्हायले."

तो गेल्यावर आम्रपालीने दार लावून घेतलं. आईच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाण्याआधी आपणच सांगायला हवं, एवढंच तिला कळत होतं. तरी दोन-चार दिवस तिची जीभ रेटली नाही. शेवटी एका रविवारी आई सूप घेऊन बसली होती, तेव्हा ती समोर जाऊन बसली.

"माय, तुले एक सांगाचं हाय."

"थो व्हिडिओ ना?" आईने मान वर केली नाही. "मले मालूम हाय. पोळ्याच्या आंधीच दाखवला एकानं."

"तू काही बोलली नाही?"

"काय बोलू? खात्याच्या कार्यक्रमात फोटो काढतेत. कोन्या हरामखोरानं थो उचलला आन् आपल्या गेममंदी चिपकवला, असं मले वाटलं. तुले कायले सांगाचं? तुले तरास झाला असता."

आम्रपालीला वाटलं, इथेच थांबावं. आई चुकीच्या माणसाला शिव्या देतेय, देऊ द्यावं. पण ती बोलून गेली.

"कोनी उचलला नाही, माय. तारा मीनं बनवली."

सुपातले हात थांबले. "तुनं?"

"तुले पाहून बनवली. तुह्यासारखीच होती आंधी, खरं सांगतो. जाड, वयाची, फुल शर्टातली. मग थे म्हणत गेले आन् मी बदलत गेली."

"थे कंबर बी तुनंच केली?"

"हौ."

"आन् मरते तवाचं?"

"थे नाही. थे दुसऱ्यानं."

आईने सूप बाजूला ठेवलं. ती रागावली असती, ओरडली असती, तर आम्रपालीला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "सगळंच दुसऱ्यानं केलं असतं त बरं झालं असतं." मग उठून आत गेली.

आम्रपालीने दुसऱ्याच दिवशी रचना मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ताराचा चेहरा काढून टाका म्हणाली.

"तुझ्या आईचा चेहरा आहे हे तू कधी सांगितलंस मला?" रचना मॅडमनी विचारलं.

"नाही सांगितलं."

"आईची परवानगी घेतली होतीस?"

"नाही."

"मग हे वर गेलं तर पहिला प्रश्न तुलाच विचारतील. चेहरा वापरायला आईने कुठे सही दिलीय असं विचारतील, आणि तुझ्याकडे दाखवायला काही नसेल." त्या थांबल्या. "मी बघते. काही कारण काढून करून घेते. पण ती तुझी आई आहे हे कुठे बोलू नकोस."

त्यांनी शब्द पाळला. पुढच्या अपडेटमध्ये ताराचा चेहरा बदलला. गुळगुळीत, कुणाचाच नसलेला चेहरा. भुवई अखंड झाली. बाकी अंग तेच राहिलं. आम्रपालीने रजतला फोन करून सांगितलं, आईलाही सांगितलं. आईने नुसतं "हं" केलं. पण त्या आठवड्यात दोघींनी पुन्हा एकत्र बसून जेवायला सुरुवात केली होती.

मग खेळणारी पोरं बिथरली. आमची जुनी तारा परत द्या, अशी ओरड सुरू झाली. नवीन ताराच्या चित्राखाली हजारो शिव्या पडल्या. खेळ बनवणाऱ्या बायांनीच तारा बिघडवली, असं कुणीतरी लिहिलं. रचना मॅडमचं नाव कुणीतरी शोधून काढलं, त्यांच्या आठ मार्चच्या भाषणाखाली लोक त्यांच्या मुलीबद्दल घाणेरडं लिहायला लागले. कंपनीने आधी काही केलं नाही. नंतर दिवाळीच्या तोंडावर जुना चेहरा परत आणला. पण फुकट नाही. 'क्लासिक तारा' म्हणून तो वेगळा विकायला ठेवला. ज्याला हवा त्याने विकत घ्यायचा.

आम्रपालीने त्या दिवशी राजीनामा दिला. रचना मॅडमना फोन केला, तर त्यांनी उचलला नाही. काही दिवसांनी एक ओळीचा निरोप आला: "मी पण सोडलंय. कुणाला सांगू नकोस, अजून घरी सांगितलेलं नाही." ताराच्या पुढच्या कपड्यांचं काम कोण करतंय हे आम्रपालीला कधी कळलं नाही. काम मात्र थांबलं नव्हतं. नवे कपडे येतच होते.

थंडी पडायला लागली तेव्हा बीटवर एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत वर धानाचा पेंढा आणि खाली सागवान. रजत मागच्या वाटेने येत होता, अनुसयाबाई पुढे एकट्या होत्या. त्यांनी हात दाखवून ट्रॅक्टर थांबवला आणि पेंढा उचलून बघितला. ट्रॅक्टरवर चार-पाच जवान पोरं होती. आधी त्यांचे चेहरे उतरले. मग एकाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"अबे, तारा है ये!"

"कौन तारा?"

"वही, क्लासिक वाली. भुवई देख ना."

पोरं खाली उतरली. कुणी त्यांना हात लावला नाही. कुणाच्या हातात कुऱ्हाड नव्हती. सगळ्यांनी मोबाईल काढले आणि त्यांच्याभोवती गोल धरून हळूहळू फिरायला लागले, खेळातला कॅमेरा फिरतो तसे. एक म्हणाला, "तारा, एक बार गिर के दिखा ना." दुसरा तसा कण्हला. बाकीचे पोट धरून हसले.

रजत धावत पोचला तेव्हा ट्रॅक्टर वळणापलीकडे गेला होता. अनुसयाबाई वाटेच्या कडेला, पळसाच्या झुडपाआड उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी शर्टाची कॉलर गळ्याशी घट्ट धरली होती.

"नंबर घेतला का मॅडम?"

"नाही."

"गाडी काहून सोडली?"

"मी बाजूले झाली," त्या म्हणाल्या. "त्यायनं मले बाजूले व्हा म्हणलं नाही, रजत. मीच झाली."

रजतने हे आम्रपालीला सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. तिने आईला विचारलं नाही. आईनेही सांगितलं नाही. महिनाभरात अनुसयाबाईंनी अर्ज करून डेपोत बदली मागून घेतली. साहेबांना आश्चर्य वाटलं, इतक्या वर्षांत या बाईने जंगल सोडून काही मागितलं नव्हतं. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती, म्हणून त्यांनी मंजूर केली. डेपोत कापलेल्या लाकडांच्या थप्प्या असतात आणि भिंत असते. तिथे बाहेरचं कुणी फारसं येत नाही.

"बरं हाय तिथं," आई म्हणायची. "सावली हाय."

जंगलाबद्दल ती बोलेनाशी झाली. पूर्वी कुठे मोह फुलला, कुठे अस्वलाचे पाय दिसले, कुठल्या नाल्याला पाणी राहिलं, हे सगळं घरी येऊन सांगायची. आता टीव्ही लावायची आणि बघायची नाही. आम्रपाली तिच्याशेजारी बसायची. माफी कशाची मागायची हेच तिला धड सापडत नव्हतं. चेहरा दिला याची, की कंबर बारीक केली याची, की खरं सांगितलं याची? एकदा तिने सुरुवात केली, "माय, मले वाटलं होतं का तुले सगळ्यायनं पाहावं..."

"पाह्यलं ना," आई म्हणाली, आणि आवाज वाढवायला रिमोट शोधू लागली.

नोकरीसाठी आम्रपालीने दोन-तीन ठिकाणी काम पाठवलं. एका कंपनीने तिला ताराबद्दलच विचारलं. तशी पात्रं तुम्हाला चांगली जमतात, म्हणाले. तिने पुढे उत्तर दिलं नाही. मग ती मेन रोडवरच्या एका फोटो स्टुडिओत लागली. तिथे लग्नाचे अल्बम बनतात. मालक प्रेमलाल भला माणूस होता, कामात ढवळाढवळ करायचा नाही.

लग्नसराईत एक मुलगी आपल्या होणाऱ्या नवऱ्याबरोबरचे फोटो घेऊन आली. नाव पौर्णिमा, परसवाड्याची, नर्सिंग शिकलेली. आम्रपालीच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि पडद्यावर आपले फोटो बघू लागली. धानाच्या बांधीत उभी राहून हसतानाचा एक फोटो होता. गोल, सावळी, धट्टीकट्टी मुलगी, आणि हसू पार डोळ्यांपर्यंत पोचलेलं.

"दीदी, याच्यात माही कंबर थोडी कमी करता येईल का?"

"काहून? छान तर दिसून राह्यली तू."

"छान नाही, जाडी दिसून राह्यली." ती सहज म्हणाली. तिच्या आवाजात दुःखही नव्हतं. "हा फोटो त्यायच्या घरी मोठा करून लावणार हायेत. त्यायच्या बहिणीनं आधीच म्हणलं, फोटो बराबर करून घेजो. दंड बी थोडे. आन् रंग."

"असाच राहू दे," आम्रपाली म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "ऐक माह्यं. असाच लाव."

पौर्णिमाने तिच्याकडे पाहिलं, जरा कीव आल्यासारखं. "दीदी, तुम्ही नाही करून देत त मी दुसऱ्या स्टुडिओत करून घेईन. इथं माह्या मामाची ओळख हाय म्हणून आली."

बाहेर दुचाकीवर तिचा भाऊ हॉर्न वाजवत होता. प्रेमलाल काउंटरवरून इकडे बघत होता. आम्रपालीने माऊसवर हात ठेवला. कंबरेची रेघ दोन्ही बाजूंनी आत घेतली, दंड उतरवले, गालांवर उजेड टाकला. हे सगळं तिच्या बोटांना इतकं पाठ होतं, की विचार करावा लागला नाही.

पौर्णिमा पुढे झुकली. पडद्यावरच्या मुलीकडे पाहून तिचा चेहरा खुलला.

"हौ! आता बराबर. बिलकुल नकली नाही वाटून राह्यली. कुठं शिकल्या दीदी तुम्ही इतकं?"

"एका कंपनीत होती," आम्रपाली म्हणाली, आणि तिने पुढचा फोटो उघडला.